फवाऱ्याचं पाणी

फागीला त्या दिवशी एकच वाक्य हवं होतं. सरकारच्या कागदावर, सरकारच्या माणसाच्या हातचं: खडीच्या मशीनवरचे फवारे चालत नाहीत. बस. मागचं पुढचं काही नको.

सकाळी नागलीची आंबील पिऊन ती निघाली, तेव्हा सून सपना चुलीपासून म्हणाली, "आत्या, लुगडं तरी बदला. मॅडम येणारेत."

"मॅडम मला बघायला येते का मशीन बघायला?" फागी म्हणाली. "आणि हे धुतलेलं हाय. ती तिथं पाच मिनटं उभी राहू दे, तिचाही माझ्यासारखाच रंग होतो का नाय बघ."

पडवीत पंढरी बसला होता. झोपणं त्याला जमायचं नाही आताशा. गोधडीच्या वळकटीला टेकून, हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून बसायचा. चौतीस वर्षांचा लेक. दोन माणसं लागतील ते लाकूड एकटा खांद्यावर आणणारा. आता आंघोळीचा तांब्या उचलला तरी त्याला थांबायला लागायचं.

"आये," तो म्हणाला, आणि थांबला. चढावर जुनी जीप थांबते, तशी त्याची वाक्यं मधेच थांबायची. "भांडू नको... तिच्याशी."

"मी कधी भांडते? मी बोलते. लोकांना भांडल्यासारखं वाटतं, त्याला मी काय करू?"

पंढरी हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. सपना वाटी घेऊन धावली. फागी मागं वळून न बघता अंगणाबाहेर पडली. बेहेडपाड्यात असा एक माणूस नव्हता की ज्याला फागी घाबरत होती. पण त्या आवाजाला ती घाबरायची.

बेहेडपाडा सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, उतारावर. अठरा घरं. खाली भाताच्या चिंचोळ्या पट्ट्या, वर नागली-वरईचा माळ, आणि माळाच्या पलीकडे खडीची मशीन. आठ वर्षांपूर्वी रस्त्याची मोठी कामं निघाली तेव्हा ती आली. डंपर येतो, डोंगर फोडून काढलेले दगड एका लोखंडी जबड्यात ओततो. जबडा ते चावतो. चावलेलं पट्ट्यावरून वर जातं, चाळणीतून पडतं आणि खाली खडीचे ढीग होतात. आणि जे ढिगात पडत नाही, ते उडतं. गव्हाच्या पिठाहून बारीक. ते नागलीच्या पानांवर बसतं, वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांवर बसतं, हंड्यावर झाकण ठेवलं तर झाकणावर बसतं. पाड्यातल्या बायका त्याला 'मशीनचं पीठ' म्हणायच्या. ज्या पिठाची भाकरी होत नाही, ते पीठ.

पंढरी जबड्यापाशी उभा असायचा, हातात पहार. मोठा दगड अडकला की तो पहारीनं ढकलायचा. हे काम त्याला फागीनंच धरायला लावलं होतं. आधी तो भिवंडीकडे जायचा, वीटभट्टीला जायचा, सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही. मशीन आली तेव्हा फागी म्हणाली, "आता कुठं जायचं नाय. घरची भाकर खा, कामाला जा, संध्याकाळी घरी ये. माझ्या डोळ्यासमोर राहा." आणि तो राहिला. शेवटी शेवटी इतका समोर राहिला, की पडवीतून हललाच नाही.

आधी एका डॉक्टरानं टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. गुण येईना. मग नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाला धरला. म्हाताराच होता, बोलायला बरा होता. म्हणाला, "हा टीबी नाही. दगडाची धूळ आहे. छातीत बसलीये."

"मग काढा," फागी म्हणाली.

"निघत नाही, आजी."

"धुऊनसुद्धा?"

त्यानं मान हलवली. मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "मशीनवर पाणी मारत नव्हते का? फवारे असायला पाहिजेत. नियम आहे. पाणी मारलं की धूळ उडत नाही."

फागीनं छातीचा फोटो उचलून पिशवीत घातला. मोखाड्याला जीपमधून उतरल्यावर म्हणाली, "त्या मशीनवाल्याला मी सोडत नाय." सपनानं मोखाड्याला टायपिंगवाल्याकडून अर्ज करून घेतला, एक तहसीलला दिला, एक प्रदूषणवाल्यांना धाडला. चार महिन्यांनी निरोप आला की प्रदूषणवाल्यांच्या मॅडम पाहणीला येणार. तोवर पंढरी पडवीतला झाला होता.

माळ चढताना झिरा लागतो. उंबराखालची खडकातली खोबण, एवढंच ते. पावसाळ्यात तिथून ओढा वाहतो; होळीनंतर मात्र पाणी नुसतं पाझरतं, करवंटीनं भरून हंड्यात ओतायचं, एक हंडा भरायला अर्धा अर्धा तास. म्हणून होळीनंतर पाड्यात पाळी लागते. अठरा घरांचे अठरा हंडे ओळीनं मांडतात. माणूस नसलं तरी हंडा उभा असतो. त्याची पाळी आली की जी बाई तिथं असेल ती भरते. ओळ कुणी मोडायची नाही. आणि पाण्याला आलेल्या माणसाला, मग तो वाटसरू असो का वैरी, कोरड्या तोंडानं परत पाठवायचं नाही. झिऱ्यावर शब्द चालतो पाड्यातल्या थोरल्या सुनेचा. चाळीस वर्षांपूर्वी फागी साखरशेतहून इथं लग्न करून आली, तेव्हा तो शब्द तिच्या सासूचा होता. सासू गेली तसा फागीचा झाला.

झिऱ्यापाशी पोशी करवंटीनं पाणी भरत होती. तिचा नवरा नवसू आता पंढरीच्या जागी जबड्यावर होता.

"काकू, आज सोडू नका हां त्यांना," पोशी म्हणाली. "टँकर पळवला होता तसं करा."

"तुझा नवरा आज कामावर हाय ना?"

"हाय की."

"तोंडाला फडकं बांधतो का?"

"बांधतो. घामानं ओलं होतं मग काढून टाकतो. म्हणतो, श्वासच घेता येत नाय."

फागी पुढं गेली. टँकर पळवण्याची गोष्ट पोशीनं काढली म्हणून तिला बरंही वाटलं आणि आत कुठंतरी टोचलंही. ती गोष्ट मोखाड्याच्या बाजारापर्यंत गेली होती. भाजी विकायला बसलेली बाई तिला विचारायची, "टँकरवाली फागी तूच का गं?"

झालं होतं असं. पहिली पाच वर्षं मशीनवाल्याची स्वतःची बोअर होती. तिच्या पाण्यावर फवारे चालायचे. दिवसभर नाही, पण दुपारपर्यंत तरी. मग बोअर आटली. तीन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, त्यांचा टँकर पंप घेऊन थेट झिऱ्यावर आला. सुपरवायझर खाली उतरला. बाहेरगावचा माणूस, पण गोड बोलणारा. "मावशी, थोडं पाणी पाहिजे. फवाऱ्याला."

"कोणाला तहान लागली?" फागीनं विचारलं.

"मशीनला म्हणा."

"तहान माणसाला लागते, ढोराला लागते, झाडाला लागते. दगडाला लागल्याचं मी ऐकलं नाय."

बायका हसल्या. फागी झिऱ्याच्या तोंडाशी बसली, तिच्यामागं सतरा बायका सतरा हंडे घेऊन बसल्या. पंपाची नळी तशीच गुंडाळून ठेवावी लागली. सुपरवायझर चिडला नाही. म्हणाला, "तुमची मर्जी. पण मावशी, मला वर उत्तर द्यावं लागतं. तुम्ही पाणी देत नाही एवढं लिहून द्या."

"लिही. मोठ्या अक्षरात लिही."

दुसऱ्या दिवशी तो छापलेला कागदच घेऊन आला. पंढरीनं सगळ्यांना वाचून दाखवला. आणि फागीनं सही केली. अंगठा नाही, सही. पाड्यात मोठ्यांचा वर्ग भरायचा, तिथं चाळिशी उलटल्यावर ती आपलं नाव शिकली होती. दोनच अक्षरं, पण बैलासारखी मोठी. अर्धा कागद ती दोन अक्षरंच चरून जायची. बाकीच्या सतरा जणींनी अंगठे उठवले. सुपरवायझरनं कागद दोन्ही हातांनी घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि एकच घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. हरलेला माणूस कागद एवढा जपत नाही.

पण जिंकलेल्या माणसाला कुठं काय दिसतं.

त्यानंतर फवारे बंदच झाले. पंढरी दोन वर्षं कोरड्या धुळीत उभा राहिला. मग खोकला आला, मग गोळ्या, मग पडवी. हे दोन आणि दोन फागीनं कधी मांडून बघितलंच नाही असं नाही. पण मांडायला लागली की ती स्वतःला सांगायची: टँकर त्याचा, डिझेल त्याचं, मशीन त्याची, खालच्या धरणावरून पाणी आणायचं होतं मेल्यानं. आणि ते खरंच होतं. म्हणून तेवढ्यावर ती थांबायची.

मशीनवर त्या दिवशी खुर्च्या मांडल्या होत्या. पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या. जबडा चालू होता, पण हळू. डंपरमधून लहान लहान दगड टाकत होते, धूळ कमी उडावी म्हणून. मशीनचा उपास होता आज.

मॅडम तिशीची असेल. पायात कॅनव्हासचे बूट, नाकावर ओढणी, हातात कागद अडकवलेली फळी. तिच्याबरोबर सुपरवायझर. फागी जवळ गेल्यावर तोच आधी बोलला. "मॅडम, या फागीमावशी. गावच्या मोठ्या."

"तू माझी ओळख नको करून देऊ," फागी म्हणाली. "बाय, मी अर्जवाली. माझा लेक तिथं होता." तिनं जबड्याकडे बोट केलं.

मॅडमनं नाकावरची ओढणी खाली घेतली. फागीला ते आवडलं. "आजी, तुम्ही माझ्याबरोबर चला. मी बघते ते तुम्हीही बघा."

दोघी फिरल्या. मॅडम एकेक बघायची आणि कागदावर खूण करायची. मशीनवर पत्रे हवेत: होते. वाऱ्याच्या बाजूला भिंत हवी: होती, तीन बाजूंनी. कडेनं झाडं हवीत: लावलेली होती. निम्मी वाळून काठ्या झाली होती, पण लावलेली होती. मग फवारे. टाकीपासून जबड्यापर्यंत पाइप, पट्ट्यावर पाइप, चाळणीवर पाइप, आणि प्रत्येकाला पितळी तोट्या. चकचकीत. लग्नात आलेली आणि चूल न पाहिलेली भांडी असतात तशा.

"फवारे आहेत," मॅडम म्हणाली आणि पेन टेकवलं.

"आहेत, पण चालत नाहीत," फागी म्हणाली. "चालू करून दाखव म्हणावं."

मॅडमनं सुपरवायझरकडे बघितलं. त्यानं चावी फिरवली. पाइपातून वारा खोकला, एका तोटीतून गंजाचा लाल थेंब आला, लोंबला, आणि पडलासुद्धा नाही.

"टाकी कोरडी आहे, मॅडम," सुपरवायझर म्हणाला.

"बघ," फागी म्हणाली. "आता लिही."

"काय लिहू, आजी?"

"फवारे चालत नाहीत."

मॅडमनं लिहिलं. लिहिताना वाचून दाखवलं, एकेक शब्द, हळू. फागीनं परत वाचायला लावलं. तिला वाटलं, झालं. चार महिने जे वाक्य तिनं उशाशी घेतलं होतं, ते कागदावर उतरलं. आता मशीन बंद होईल, आता नवसू घरी जाईल, आता पंढरीला सांगता येईल.

"मॅडम," सुपरवायझर अदबीनं म्हणाला, "कारणही लिहा. फाइलला जोडलंय. मागच्या वेळी आलेल्या साहेबांनी लिहिलं होतं, त्याच्या आधीच्यांनीही."

मॅडमनं फाइल उघडली. पानं उलटली. एक कागद प्लास्टिकच्या पिशवीतून निघाला, एकच घडी घातलेला. फागीला अक्षर वाचता येत नव्हतं. पण खाली उमटलेले दोन बैल तिनं तीन हातांवरून ओळखले.

मॅडम वाचत होती. "...आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ, आमच्या झिऱ्याचे पाणी खडी मशीनच्या फवाऱ्यांकरिता देण्यास नकार देत आहोत, व याबाबत कंपनीस दोष देणार नाही..." तिनं वर बघितलं. "आजी, ही सही तुमची?"

माळावर वारा होता. पोशीचा नवरा जबड्यापाशी पहार टेकून उभा होता आणि इकडे बघत होता. नाही म्हणायला काही जात नव्हतं. तोंड होतं, आणि ते कधी कमी पडलं नव्हतं.

"माझी," फागी म्हणाली.

"यावरून त्यांना मुदत मिळत गेली. तीनदा." मॅडमचा आवाज खाली आला. "यंत्रणा बसवलेली आहे, पाण्याची अडचण गावाकडून आहे, असं."

"पाणी त्यानं दुसरीकडून आणायचं."

"बरोबर आहे तुमचं. मी तसं लिहीन. पण माझ्या या कागदात पाइप विचारलाय, तोटी विचारलीये. पाणी कुठून येणार, ते विचारलेलं नाही."

"धूळ विचारलीय?"

"धूळ मोजायचं यंत्र वेगळं असतं, आजी. ते वेगळ्या दिवशी येतं."

"कुठल्या दिवशी?"

मॅडमनं फळीवरचा कागद सरळ केला. खोटं सांगण्याइतकी ती अजून जुनी झालेली नव्हती. तिनं लिहिलं, आणि फागीनं न सांगता वाचूनही दाखवलं: "फवारे चालत नाहीत. कारण, ग्रामस्थांनी पाणी देण्यास नकार दिला. कंपनीने पाण्याची पर्यायी सोय करावी."

एक वाक्य मागायला गेली होती, तीन घेऊन परत आली. आणि मधलं तिचंच होतं.

घरी आल्यावर ती पडवीत शिरली नाही. अंगणातल्या पाट्यावर बसली, चप्पल पायात तशीच. सपनानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही.

"आये," आतून पंढरी. "काय झालं? आमची तहसीलदारीण... आज गप्प का?"

"काय नाय. लिहिलं त्यांनी."

"मग?"

"मग काय मग. सगळं लिहिलं. माझ्या कागदासकट." मग तिला राहवलं नाही. उठून आत गेली, त्याच्यासमोर खाली बसली, आणि जे झालं ते सांगितलं. काही न वगळता, मॅडमच्या प्रत्येक शब्दासकट. सांगताना तिचा आवाज चढत गेला, जणू समोर सुपरवायझर आहे. "मला काय माहीत तो कागद कुणाच्या पोटात जाणार ते? मी अडाणी बाई. वाचता आलं असतं तर..."

"मी... वाचला होता," पंढरी म्हणाला.

"कधी?" फागीनं विचारलं.

"तूच सांगितलं... वाच म्हणून. मीच वाचून दाखवला. झिऱ्यावर." तो थांबला. श्वास गोळा केला. "मला तेव्हाच कळलं. फवारे... आता बंद."

"मग बोलला का नाय तू?"

"काय बोलायचं? पाणी तेवढंच होतं. मशीनला पंप लावला असता... दोन दिवसांत झिरा सुका." सपना दाराशी उभी होती, तिच्याकडे त्यानं नुसती मान केली. "ही पोटुशी होती. पाचवा महिना होता. झिरा आटला तर... खालच्या नदीवर जावं लागलं असतं. तीन मैल. डोक्यावर हंडा."

"मग मशीन सोडायची होती."

"सोडून... कुठं जाऊ? तूच म्हणालीस. डोळ्यासमोर राहा."

हे तो टोमणा मारून बोलला नाही. फागीला टोमणे पारखता यायचे. चाळीस वर्षं तिनं तोच व्यापार केला होता. यात टोमणा नव्हता. सपना दारातून वळली आणि चुलीकडे गेली, आणि तिथं तिच्या हातून भांडं पडलं ते तिनं कितीतरी वेळ उचललं नाही.

"आये." पंढरीनं हात पुढं केला, तो तिच्या गुडघ्यापर्यंत पोचला नाही, जमिनीवरच राहिला. "तू बरोबर केलंस."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तू मला मारलंस असं म्हणाला असता, तर ती भांडली असती, मशीनवाल्याचं नाव घेऊन पाडा डोक्यावर घेतला असता. तिनं त्याचा हात उचलला आणि दोन्ही तळव्यांत धरला. नखांच्या कडेला अजून करडी रेघ होती, आठ महिन्यांच्या आंघोळींनी न निघालेली. ती आपल्या पदरानं ती रेघ पुसत बसली.

त्यानंतर बारा दिवसांनी, सकाळी, सपना पोरीला न्याहारी भरवत असताना पंढरी गेला. बसल्या जागीच. पोरगी म्हणाली, "बाबा झोपला," आणि सगळ्यांना क्षणभर तेच खरं वाटलं. किती दिवसांनी झोपला.

पाड्याची एक रीत आहे. ज्या घरात माणूस जातं, त्या घराचा हंडा दहा दिवस ओळीत लागत नाही. बाकीच्या बायका तो आधी भरतात आणि दारात आणून ठेवतात. मग आपापले. कितीही उन्हाळा असो. दहा दिवस रोज पोशी, गोदी, येसू, कुणी ना कुणी हंडा दारात ठेवून जायची, आणि फागी तो आत घ्यायची.

सातव्या दिवशी मॅडमच्या ऑफिसचं पत्र आलं. सपनानं वाचलं. पाण्याची पर्यायी सोय करण्यास सहा महिन्यांची मुदत देण्यात येत आहे.

"सहा महिने म्हणजे कधी?" फागीनं विचारलं.

"दिवाळीच्या पुढं, आत्या."

"म्हणजे मधे पाऊस."

"हो."

"पावसात दगड ओलाच असतो. आणि दिवाळीच्या पुढं परत मुदत." तिनं कागद मागून घेतला आणि खाली कुणाची सही आहे ती बघत राहिली. बारीक होती, गुंतवळीसारखी. कुणालाही ओळखता न येणारी. शहाण्या माणसाची सही अशी असते, असं तिच्या मनात आलं.

दहाव्या दिवशी पोशीनं शेवटचा हंडा दारात ठेवला. फागीनं तो आत घेतला नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, सपनाला म्हणाली, "जरा हात लाव," आणि करवंटी कमरेला खोचून माळ चढायला लागली. सपना दोन पावलं मागं राहून चालत आली.

मशीन पुऱ्या जोरात चालू होती. पाहणी संपून तीन आठवडे झाले होते, उपास सुटला होता. जबड्यावर करडं आभाळ उभं होतं, आणि त्यात कुठंतरी नवसू होता. सुपरवायझर ऑफिसच्या पत्र्याखालून ओरडला, "मावशी, तिकडं नाही, लागेल काही," आणि सपनाकडे बघून तिथंच थांबला.

"नवसू," फागीनं हाक मारली.

धुळीतून तो बाहेर आला. भुवया पांढऱ्या. फडकं गळ्यात. "काकू? हे काय? एका हंड्यानं काय होणार?"

"तेच बघायचंय मला. तू तुझं काम कर. थांबू नको."

तो परत गेला. फागीनं हंडा खडीच्या ढिगावर टेकवला आणि करवंटीनं पाणी मारायला लागली, जबड्यात पडणाऱ्या दगडांवर, जपून, बी पेरल्यासारखं. तापलेला दगड आधी नुसता सुसकारला. मग रंग बदलला, काळा झाला. आणि धूळ बसली. बसली म्हणजे खरोखर बसली. कुणी पडदा ओढून घ्यावा तशी खाली गेली, आणि फागीला नवसूचं तोंड दिसलं. डोळे, नाक, कपाळावरचा घाम. पहार धरून तो तिच्याकडे बघत होता आणि त्यानं तोंड उघडून एक मोठा श्वास घेतला.

फवारे बंद झाल्यापासून पंढरी इथं उभा असताना त्याचं तोंड तिनं कधीच पाहिलं नव्हतं. कधी डबा घेऊन आली तर धुळीत नुसता हात दिसायचा, पहार धरलेला. ती त्या हाताला ओळखून परत जायची.

ती पाणी मारत राहिली. अर्धा डंपर रिकामा होईपर्यंत हंडा पुरला. मग करवंटी तळाला खरडली. पुढचे दगड कोरडे पडले, आणि धूळ परत उठली. आधी नवसूचे पाय गेले, मग छाती, मग तोंड.

उतरताना झिरा लागला. हंडे ओळीनं मांडलेले होते. फागीच्या घराचे दहा दिवस आज संपत होते. तिनं रिकामा हंडा ओळीच्या शेवटी ठेवला. भरलेला हंडा दगडावर ओतून आली ही बातमी तिच्याआधीच खाली पोचली असावी; बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

गोदीचा आणि येसूचा कुणाचा हंडा पुढं होता त्यावरून बारीक कुरबुर चालली होती. नेहमीसारखी गोदी फागीकडे वळली. "काकू, तुम्हीच सांगा. पाळी कुणाची?"

फागी उंबराखाली बसली होती. करवंटी मांडीवर, कोरडी.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "ह्या पाण्याचं मला आता काही विचारू नका."

मग सपना पुढं झाली, येसूचा हंडा तिनं झिऱ्याशी सरकवला, खडकाशी वाकली आणि भरायला लागली.